बंद खाणींतले स्फटिक: नमुना मोठा की त्याची चिठ्ठी?

गारगोटी

मंडळी, दुसऱ्या धाग्यावर अवांतर फार व्हायला लागलं म्हणून हा वेगळा काढतोय. जुन्या, बंद पडलेल्या खाणींमधले स्फटिक आपण जमवतो तेव्हा नेमकं काय जमवतो? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. चिठ्ठी (म्हणजे नमुना कुठल्या खाणीतला, कुणाकडून आला हे लिहिलेला त्याच्यासोबतचा कागद) हरवली की नमुन्याचा निम्मा जीव गेला. रंग, चकाकी, टोकं सगळं शाबूत असलं तरी.

खाणीतून आलेला चांगला स्फटिक मुळात चुकून वाचलेला असतो. खाणमालकाला धातू हवा असतो. पोकळी फुटली, आत भिंतभर स्फटिक दिसले, तरी पुढचा सुरुंग ठरल्या वेळी उडणार आणि माल वर जाऊन भरडला जाणार. जे उरलं ते कुणीतरी वाकून उचललं म्हणून उरलं. कुणा कामगाराने जेवणाच्या डब्यातून वर आणलं, कुणा व्यवस्थापकाने टेबलावर ठेवून घेतलं, कुणा हौशी माणसाने "चमकणारं काही लागलं तर आधी मला दाखवा" म्हणून चार पैसे पुढे केले. हाताने भोक पाडून छोटा सुरुंग लावायचे दिवस होते तेव्हा पोकळ्या निदान नजरेला पडायच्या. आता एका दणक्यात एवढा खडक खाली येतो की आत काय होतं ते कुणाला कळतही नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. सल्फाइड (गंधकयुक्त) धातुकं जमिनीजवळ असली की पावसाचं पाणी आणि हवेतला ऑक्सिजन त्यांना गाठतात. तांबं, शिसं, जस्त विरघळून खाली झिरपतं, वाटेत चुनखडक किंवा डोलोमाइट भेटला की अझुराइट, मॅलकाइट, सेरुसाइट, स्मिथसोनाइट अशी सगळी रंगीत मंडळी तयार होतात. हा ऑक्सिडेशनचा पट्टा वरचा. म्हणजे सगळ्यात आधी खोदला जाणारा, आणि कित्येक ठिकाणी आपल्या पणजोबांच्या काळातच संपलेला. खाण पुढे कितीही खोल गेली तरी तो माल पुन्हा मिळत नाही. ॲरिझोनातल्या बिस्बीच्या खाणींनी जगाला दिलेलं निळं-हिरवं वैभव असंच वरच्या पट्ट्यातलं. तिथलं खाणकाम १९७५मध्ये थांबलं. नामिबियातलं त्सुमेब मात्र या नियमाला सणसणीत अपवाद. तिथे धातुकाचा खांबच्या खांब डोलोमाइटमधून जवळपास उभा खाली गेलाय आणि भेगांतून पाणी इतकं खोल पोहोचलं की एकाखाली एक असे तीन ऑक्सिडेशन पट्टे तयार झाले. एका खाणीतून तीनशेच्या आसपास खनिजं! १९९६मध्ये तीही बंद झाली.

आता जवळून बघण्यासारखं एक उदाहरण. नॉर्वेतल्या काँग्सबर्गला १६२३पासून १९५८पर्यंत चांदी निघाली. तिथली तारचांदी भिंगाखाली धरली की दिसतं, तार बुडाशी जाड आणि वर वळत वळत बारीक होत गेलेली असते, आणि अंगावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. ही तार रोपासारखी शेंड्याला वाढत नाही, केसासारखी मुळातून बाहेर ढकलली जाते. बुडाशी अकँथाइट नावाचं चांदीचं सल्फाइड असतं. त्यातून चांदी पायथ्याशी साचत जाते आणि आधी झालेला भाग वर रेटला जातो. रेघा त्या रेटारेटीच्या. काँग्सबर्गची खाण राजाची होती, त्यामुळे डब्यातून चांदी वर आणणं म्हणजे सरळ चोरी. उत्तम तुकडे कोपनहेगनला राजाच्या संग्रहात जायचे.

चिठ्ठीबद्दल दोन माणसांची गोष्ट सांगतो, दोघेही ब्रिटिश, दोघांचंही नाव आर्थर. आर्थर रसेल (१८७८–१९६४) आयुष्यभर खाणींतून हिंडले. त्यांचे हजारो नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत आणि त्या संग्रहाचा दबदबा जितका दगडांमुळे, तितकाच ठिकाणांच्या काटेकोर नोंदींमुळे. दुसरे आर्थर किंग्सबरी. ते १९६८मध्ये वारले, त्यांचाही संग्रह तिथेच गेला. १९९०च्या दशकात संशोधकांनी तो बारकाईने तपासला तेव्हा उघड झालं की त्यांच्या अनेक 'शोधां'ची ठिकाणं बनावट आहेत. दुसरीकडचे, कधी परदेशातले नमुने ब्रिटनमधल्या जागांच्या नावावर खपवलेले. दगड खरे, चिठ्ठ्या खोट्या. पण त्यामुळे ब्रिटनमधल्या खनिजस्थळांच्या कित्येक नोंदी पुन्हा चाळून काढाव्या लागल्या. एका माणसाच्या चिठ्ठ्यांनी एवढं होतं. आता बोला.

तिरकस

एवढं वाचून कळलं ते इतकंच, की तुम्ही दगड नाही, कागद जमवता. (हलके घ्या.)

स्फटिकवेडी

लेख आवडला, मत अजिबात पटलं नाही.

कोलोरॅडोतल्या स्वीट होम खाणीचा तो प्रसिद्ध ऱ्होडोक्रोसाइट घ्या, 'अल्मा किंग'. १९९२मध्ये सापडला, आता डेन्व्हरच्या संग्रहालयात आहे. लालभडक समांतरभुज स्फटिक, आरपार प्रकाश जाणारा, खाली पांढऱ्या क्वार्ट्झची बैठक. त्याच्यापुढे उभा राहिलेला माणूस आधी चिठ्ठी वाचतो असं तुम्हाला खरंच वाटतं? ती खाण १८७०च्या दशकात चांदीसाठी सुरू झाली होती आणि त्या काळात हाच लाल दगड कचरा म्हणून बाजूला पडायचा. त्यांच्याकडे ठिकाणाची माहिती शंभर टक्के होती की, ते उभेच तिथे होते! नव्हती ती नजर. म्हणजे आधी डोळा, मग कागद.

दुसरं, तुमचं किंग्सबरीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. स्फटिक खोटा बनवायला कष्ट पडतात, चिठ्ठी खोटी बनवायला पेन पुरतं. जी गोष्ट सगळ्यात सहज खोटी करता येते तिच्यावर सगळा डोलारा उभा करायचा हे मला झेपत नाही.

गारगोटी

@स्फटिकवेडी, दुसरा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पहिल्यावर थोडं अडतो. अल्मा किंग सापडला तो त्या खाणीत चांदीसाठी नव्हे, खास नमुन्यांसाठी काम चालू होतं तेव्हा. १९९१मध्ये खाण त्याच कामासाठी पुन्हा उघडली, २००४पर्यंत चालली. शिरा कुठे जातात, पोकळ्या कुठल्या भेगांच्या छेदापाशी लागतात याच्या नोंदी ठेवत ठेवत पुढे सरकायचं, आणि पोकळी लागली की सुरुंग बंद, पाण्यावर चालणाऱ्या हिऱ्याच्या साखळी-करवतीने आजूबाजूचा खडक कापून अख्खी भिंत उचलायची. ठिकाणाचा हिशेब ठेवला म्हणून पुढची पोकळी सापडली. डोळा हवाच, पण त्याला दिशा कागदाने दिली.

सूक्ष्मदर्शी

तुमच्या दोघांच्या भांडणात दगडाला कुणी विचारलंच नाही. चिठ्ठी खोटी असू शकते, पण दगडालाही बोलता येतं, फक्त त्याच्या सोबत्यांकडे बघायला हवं.

न्यू जर्सीतल्या फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल या जस्ताच्या जोडखाणी बघा. एक १९५४मध्ये बंद झाली, दुसरी १९८६मध्ये. तिथला तुकडा अंधारात लघुलहरी अतिनील दिव्याखाली धरला की विलेमाइट हिरवागार पेटतो आणि कॅल्साइट तांबडा-नारिंगी, आणि मध्ये फ्रँकलिनाइटचे काळे ठिपके मात्र ढिम्म. हा तिघांचा मेळ दुसरीकडून आणून दाखवा! चिठ्ठी नसली तरी त्या तुकड्याचं गाव मी सांगू शकतो.

याउलट झिंकाइट. खाणीतला झिंकाइट बहुधा दाणेदार, लालसर, कॅल्साइटमध्ये रुतलेला. सुटासुटा, पारदर्शक, नारिंगी-हिरवा, हातभर चकाकणारा झिंकाइट कुणी दाखवला तर तो पोलंडमधल्या जस्ताच्या भट्ट्यांमध्ये वाफेतून जमलेला असण्याची शक्यता फार. सुंदर असतो, वाद नाही, पण तो खाणीने दिलेला नाही. तो खनिज म्हणून विकतात तेव्हा मला राग येतो.

कॉर्नवॉलच्या हेरड्सफुट खाणीतला बोर्नोनाइट हे माझं लाडकं उदाहरण. शिसं, तांबं, अँटिमनी आणि गंधक. जुळे स्फटिक एकमेकांत असे बसतात की कडेला दाते पडतात, खाणकामगार त्याला दातेरी चाकाचं धातुक म्हणायचे. चांगल्या नमुन्यावर दात्यांच्या खाचा अगदी तळापर्यंत स्वच्छ दिसतात आणि पोलादी करड्या चकाकीवर किंचित निळसर छटा असते. एकदा नजर बसली की असल्या नमुन्याला चिठ्ठी विचारायची गरजच पडत नाही.

अवांतर: मोठे नमुने जमवणाऱ्यांनो, एकदा सूक्ष्मदर्शकाखाली डोकवा. मिलिमीटरभर स्फटिकांत जी टोकं आणि पैलू शाबूत सापडतात ती मुठीएवढ्या नमुन्यात शोधून सापडत नाहीत. जागाही लागत नाही, घरचेही ओरडत नाहीत.

नवखा_भिडू

धागा वाचतोय, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न, हसू नका. इतक्या जुन्या खाणी नुसत्या पडून आहेत तर आत जाऊन शोधलं तर? टॉर्च, हेल्मेट, दोर वगैरे घेऊन. आंतरजालावर असे व्हिडिओ बरेच दिसतात.

खाणकरी

हसत नाही, पण खडसावतो. मी भूमिगत खाणींत नोकरी केली आहे, त्या अनुभवावरून बोलतो. जाऊ नका.

टॉर्च-हेल्मेट ही तयारी डोक्यावर पडणाऱ्या दगडासाठी असते. जुन्या खाणीत माणसं बहुतेक वेळा दगडाने मरत नाहीत. पहिली गोष्ट हवा. चालू खाणीत पंखे असतात. ते बंद पडले की आतलं लाकूड कुजताना आणि पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) गंजताना ऑक्सिजन खातं. कार्बन डायऑक्साइड जड, तो खोलगट जागी साचतो. उतारावर दहा पावलं खाली गेलात की हवा बदललेली असू शकते आणि नाकाला काहीही कळत नाही. गरगरायला लागतं तोवर पाय साथ देत नाहीत. मग बाहेर थांबलेला मित्र वाचवायला धावतो आणि तोही तिथेच पडतो. एकामागोमाग दोघं-तिघं जाण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. मेणबत्ती विझते का बघणं ही चाचणी नव्हे. गॅस मोजायचं यंत्र लागतं, आणि ते वाचणारा माणूस लागतो.

दुसरी गोष्ट पायाखालची जमीन. तुम्ही ज्याला बोगद्याची तळजमीन समजता ती कित्येकदा फळ्यांवर साचलेला गाळ असतो. खालचं धातुक काढून घेतल्यावर उरलेल्या पोकळीवर फळ्या टाकलेल्या असतात, खाली सरळ वीस-तीस मीटर काही नाही. शंभर वर्षांत फळीचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. पाण्याने भरलेला कूपही तसाच. वर धूळ आणि लाकडाचा भुसा तरंगत असतो, डबकं वाटतं.

तिसरी गोष्ट विसरून राहिलेली स्फोटकं. जुन्या डायनामाइटच्या कांड्यांतून नायट्रोग्लिसरीन पाझरून बाहेर येतं. खोका दिसला तर हात लावायचा नाही, फोटोसुद्धा काढत बसायचं नाही, मागे फिरायचं आणि कळवायचं.

व्हिडिओत दिसतात ते परत आलेले. जे परत येत नाहीत ते व्हिडिओ टाकत नाहीत.

तिरकस

खाणकरी काका, दंडवत. पहिल्यांदाच या धाग्यावर माझी बोलती बंद झाली.

नवखा_भिडू

बापरे. बरं, मग बाहेरच्या ढिगाऱ्यांवर? तिथे तर उघड्यावर असतं सगळं.

खाणकरी

ढिगारे चालतील, पण परवानगी घेऊन. 'पडीक आहे म्हणजे कुणाचंच नाही' हा समज सगळीकडेच महागात पडतो. बऱ्याच देशांत जमीन एकाची आणि खालच्या खनिजांचा हक्क दुसऱ्याचा असतो, दोघांनाही विचारावं लागतं. काही ढिगारे तर वारसा म्हणून संरक्षित आहेत. कॉर्नवॉलचा खाणप्रदेश २००६मध्ये आणि जर्मनी-चेकियाच्या सीमेवरचा एर्झगेबिर्गे २०१९मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तिथे हातोडा काढण्याआधी नियम वाचा.

ढिगाऱ्याचा उतार सैल असतो. खालून उकरत वर जायचं नाही. आणि शिसं-आर्सेनिकच्या खाणींचे ढिगारे असतील तर धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही, हात धुतल्याशिवाय खायचं नाही. बरेच भूगर्भवाले दगडाला जीभ लावून बघतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

ज्यांना आत जाऊनच बघायचंय त्यांनी संग्रहालय झालेल्या खाणी बघाव्यात. काँग्सबर्ग, बिस्बी, स्टर्लिंग हिल, तिन्हीकडे वाटाड्याबरोबर आत जाता येतं.

गारगोटी

@खाणकरी, या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. संपादकांना विनंती, जमलं तर धाग्याच्या वर चिकटवा.

नवख्यांसाठी एवढंच जोडतो की उत्तम नमुने मिळण्याचा खरा रस्ता ढिगाऱ्यावरून जातच नाही. ते जुन्या संग्रहांतून हातोहात फिरतात. संग्राहक वारतो, संग्रह मोडतो, चार जणांत वाटला जातो. आणि चिठ्ठ्या हरवतात त्या नेमक्या त्याच वेळी. घरचे लोक दगड जपून भरतात आणि कागद केरात टाकतात.

रसायनमित्र

मी मतभेदात पडत नाही. माझ्या लेखी चिठ्ठी हरवण्याइतकाच मोठा शत्रू म्हणजे 'जरा स्वच्छ करूया' ही उबळ.

अझुराइट, मॅलकाइट, सेरुसाइट, स्मिथसोनाइट, ऱ्होडोक्रोसाइट, कॅल्साइट. ही सगळी कार्बोनेटं. आम्ल दिसलं की फसफसून मरतात. व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं ॲसिड, काहीही नको. क्वार्ट्झवरचे गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल वापरतात ते ठीक, पण ते विषारी आहे. हातमोजे हवेत, उकळायचं नाही, ऊर्ध्वपातित पाणी वापरायचं आणि नंतर पाणी बदलत बदलत भरपूर धुवायचं. नाहीतर पिवळट थर बसतो आणि पहिले डाग बरे होते असं वाटायला लागतं.

सेरुसाइट तर कोमट पाण्यालाही घाबरतो. तापमान पटकन बदललं की तडकतो. त्सुमेबचे जाळीदार जुळे स्फटिक अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकणाऱ्यांना काय म्हणावं? गंधकाचा स्फटिक तळहाताच्या उबेनेही चिरतो, जरा वेळ हातात धरला तर बारीक कट्कट् ऐकू येते.

उजेडाचं वेगळंच दुखणं. चिलीतल्या चान्यार्सिओला १८३२मध्ये चांदी सापडली आणि तिथून जगातले सर्वोत्तम प्राउस्टाइट आले. लालबुंद, आतून पेटल्यासारखे. उजेडात ठेवले की हळूहळू काळवंडतात. म्हणून संग्रहालयं ते खणात, अंधारात ठेवतात. रिअलगारचा (आर्सेनिकचं लाल खनिज) तर उजेडात पिवळा भुगा होतो. काचेच्या कपाटात वर दिवा लावून सजवायची हौस असेल तर क्वार्ट्झ ठेवा, नाहीतर गार्नेट.

पायराइट, आणि त्याहून मार्केसाइट: हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की आतून सडायला लागतात. पांढरी-पिवळी पावडर सुटते, गंधकाचा वास येतो, आणि बनतं ते गंधकाम्ल. ते सगळ्यात आधी काय खातं माहितेय? खालची चिठ्ठी. (गारगोटी, तुमच्यासाठी खास.) त्यामुळे पायराइटची चिठ्ठी त्याच्या डबीत ठेवायची नाही, किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायची, आणि डबीत सिलिका जेल टाकायचं.

मेटाटॉर्बर्नाइट, ऑट्युनाइट, पिचब्लेंड असली युरेनियमची मंडळी असतील तर वेगळं कपाट, हवा खेळती, झोपायच्या खोलीत नाही. रेडॉन वायू सुटतो. क्युरी दांपत्याने १८९८मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधलं ते आजच्या चेकियातल्या याखिमोव्हच्या खाणीच्या पिचब्लेंडमधून. तो नमुना हवाहवासा वाटतो, समजू शकतो, पण एकच आणि छोटा पुरे.

स्फटिकवेडी

@रसायनमित्र, प्राउस्टाइटचं वाचून पोटात कालवलं. अंधारात ठेवायचं तर बघायचं कधी?

रसायनमित्र

बघायचं की. खण उघडायचा, दोन मिनिटं बघायचं, बंद करायचा. देवघरासारखं उघडं ठेवायचं नाही.

तिरकस

आता माझा खरा प्रश्न, यावेळी मस्करी नाही. नमुन्यांसाठी बंद खाण पुन्हा उघडून खोदायचं, हे बरोबर आहे का? धातूसाठी फोडलं तर लोभ आणि कपाटासाठी फोडलं तर छंद, असं कसं?

स्फटिकवेडी

चांगला प्रश्न. माझं उत्तर खाणीगणिक बदलतं.

इंग्लंडमध्ये वेअरडेलची रॉजर्ली खाण आहे. तिथला फ्लोराइट खोलीत हिरवा दिसतो आणि उन्हात नेला की निळसर-जांभळा होतो. त्यात विरळ मृदा मूलद्रव्यं आहेत, उन्हातल्या अतिनील किरणांनी तो उजळतो. १९७०च्या दशकापासून तिथे काम झालं ते नमुन्यांसाठी. आत गेलेल्या माणसाचा उद्देशच स्फटिक अख्खा बाहेर काढणं हा असतो. सुरुंगाने भुगा होण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पण नाइका. मेक्सिकोची शिसं-चांदीची खाण. २०००मध्ये सुमारे ३०० मीटर खोलीवर कामगारांना ती गुहा लागली, सेलेनाइटचे (पारदर्शक जिप्समचे) अकरा-अकरा मीटर लांबीचे स्तंभ. तापमान ५० अंशांच्या वर, आर्द्रता जवळपास शंभर टक्के, बर्फाची जाकिटं घालूनही शास्त्रज्ञ फार वेळ थांबू शकत नव्हते. ते स्तंभ लाखो वर्षं गरम पाण्यात बुडालेले होते म्हणून वाढले, खाणीने पाणी उपसलं म्हणून माणसाला दिसले, आणि त्याच क्षणापासून त्यांची वाढ थांबली. २०१५मध्ये पंप बंद झाले आणि गुहा पुन्हा पाण्याखाली गेली. तिथला एक तुकडाही कुणाच्या कपाटात नसावा असं मला वाटतं. इतका सुंदर असूनही. म्हणजे गारगोटी, बघा, मी काही अगदीच सौंदर्यापुरती नाही.

गारगोटी

नाइकाबद्दल पूर्ण सहमत. रॉजर्लीबद्दल जवळपास सहमत. मधल्या खाणींचं अवघड आहे. एखादी बंद खाण, आत जुन्या कामगारांची अवजारं, भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे, शिडीच्या खुणा, आणि मध्येच स्फटिकांची पोकळी. पोकळीपर्यंत पोहोचायला ते सगळं तुडवावं लागतं. स्फटिक वाचला पण खाणीचा इतिहास गेला, हा व्यवहार मला परवडत नाही.

खाणकरी

याला माझा थोडा विरोध. बंद खाण पाण्याखाली जाते, लाकूड कुजतं, छत बसतं. पन्नास वर्षांनी ना अवजारं राहतात ना पोकळी. मोजमाप करून, फोटो काढून, नकाशावर मांडून काम केलं तर दोन्हीची नोंद तरी राहते. न उघडल्याने काही जपलं जातं हा भ्रम आहे. नाइकाची गोष्ट वेगळी, तिथे पाणीच रखवालदार आहे.

सूक्ष्मदर्शी

+१. फक्त 'मोजमाप करून' हे किती जण करतात तेही सांगा काका.

खाणकरी

फार थोडे. म्हणून तर बोलतोय.

नवखा_भिडू

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आता जरा कामाचं विचारतो. एका जुन्या संग्रहातून माझ्याकडे कॉर्नवॉलचा कॅसिटेराइट (कथिलाचं धातुक) आलाय, क्वार्ट्झवर बसलेले काळे, तेलकट चकाकीचे स्फटिक. सोबत पिवळी पडलेली चिठ्ठी. खाणीचं नाव 'व्हील' ने सुरू होतं, पुढचं पुसलंय, आणि खाली '४० फॅ.' असं काहीतरी. दगडाच्या बुडाला पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर काळ्या शाईत ११७ लिहिलंय. हे काय प्रकरण आहे? आणि तो ठिपका काढून टाकू का?

गारगोटी

ठिपक्याला हात लावू नका!! तो आधीच्या संग्राहकाचा नोंदक्रमांक. त्या माणसाची नोंदवही कुठे संग्रहालयात किंवा वारसांकडे असली तर ११७ पुढे खाणीचं पूर्ण नाव, तारीख, कुणाकडून घेतलं, सगळं मिळू शकतं. चिठ्ठी हरवली तरी क्रमांक दगडाबरोबर राहतो, तो त्यासाठीच रंगवतात. तुमचा स्वतःचा क्रमांक घालायचा असेल तर स्फटिक नसलेली सपाट जागा बघा, पॅरालॉइड बी-७२चा (पारदर्शक राळेचा) पातळ थर द्या, तो वाळल्यावर त्यावर लिहा. हा थर ॲसिटोनने कधीही काढता येतो, दगडाला डाग पडत नाही.

नुसत्या 'व्हील'वरून (तिथल्या जुन्या भाषेत 'खाण') फार काही कळणार नाही. कॉर्नवॉलमध्ये त्या नावाने सुरू होणाऱ्या खाणी शेकड्याने होत्या. चिठ्ठी अतिनील दिव्याखाली आणि तिरक्या उजेडात धरून बघा, पुसट शाई कधी कधी उमटते.

खाणकरी

'४० फॅ.' म्हणजे ४० फॅदम, खाणीची पातळी. एक फॅदम म्हणजे सहा फूट. पण कॉर्नवॉलमध्ये ही खोली जमिनीपासून मोजत नसत. डोंगराच्या पायथ्याशी पाणी बाहेर सोडणारा आडवा बोगदा असतो, मोजणी त्याच्याखाली सुरू व्हायची. म्हणजे तुमचा कॅसिटेराइट त्या बोगद्याच्या सुमारे ७३ मीटर खालचा. जमिनीपासून किती, ते खाण कळल्याशिवाय सांगता येणार नाही. पण ज्या खाणीत ४० फॅदमची पातळीच नव्हती त्या बाद करता येतील. जुने नकाशे मिळाले तर यादी बरीच छोटी होईल.

नवखा_भिडू

भारी! मग मूळ चिठ्ठीवरच पेन्सिलीने बारीक '७३ मी.' लिहून ठेवू का?

गारगोटी

नको. मूळ चिठ्ठीवर काही लिहायचं नाही, पेन्सिलनेसुद्धा नाही. मीटर, तुमचा क्रमांक, कुठल्या संग्रहातून आला, सगळं तुमच्या नव्या चिठ्ठीवर, आणि दोन्ही एकाच डबीत. शाई पाण्याने न फुटणारी घ्या.

स्फटिकवेडी

आणि आधी त्या कॅसिटेराइटचा फोटो टाका! बाजूने उजेड पाडून, जुळ्या स्फटिकांचा कोपरा दिसेल असा.